‘साई’ हा शब्द कुणाचा?

नगर-मनमाड रस्त्याने राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर, राहाता अशी गावे मागे टाकत शिर्डीकडे जाताना दुकानांच्या पाट्या वाचत जावे. साई मेडिकल, साई टायर्स, साई रसवंती, साई मोबाईल. ट्रकच्या कपाळावर साई, रिक्षाच्या मागच्या काचेवर साई, शाळकरी मुलाच्या हजेरीपटावरच्या नावातही साई. अहिल्यानगर जिल्ह्यात हा शब्द दिवसातून जितक्या वेळा उच्चारला जातो, तितका क्वचितच दुसरा एखादा शब्द उच्चारला जात असेल. पण या शब्दाचा अर्थ काय, असे कुणाला विचारले, तर उत्तर देणारा जरा थबकतो. साई म्हणजे साईबाबा, एवढेच त्याला ठाऊक असते.

रमजानच्या महिन्यात हा प्रश्न हमखास निघतो. इफ्तारच्या दस्तरखानावर दोन्ही समाजांचे लोक शेजारी शेजारी बसतात. खजूर आणि फळांची ताटली संपते, शरबताचे ग्लास रिकामे होतात, मगरिबची नमाज उरकून मंडळी चहाला थांबतात आणि गप्पांमध्ये कुणीतरी विचारतो, “साई हा शब्द मुळात तुमचा की आमचा?” विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा नुसते कुतूहल असते. पण गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला धारही आली आहे.

शब्दाआडचा वाद

२०१४ मध्ये द्वारकापीठाचे शंकराचार्य स्वामी स्वरूपानंद सरस्वती यांनी साईबाबांच्या पूजेला जाहीर आक्षेप घेतला आणि देशभर चर्चा झाली. जानेवारी २०२० मध्ये बाबांचे जन्मस्थान म्हणून पाथरीचे नाव सरकारी घोषणेत आले, तेव्हा शिर्डीकरांनी बंद पुकारला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये वाराणसीतील काही मंदिरांमधून साईंच्या मूर्ती हलवण्यात आल्या. दुसऱ्या बाजूला मुसलमानांमध्येही संकोच आहेच. इस्लामला मूर्तिपूजा मान्य नाही. १९५४ मध्ये समाधीवर बाळाजी तालीम यांनी घडवलेली संगमरवरी मूर्ती विराजमान झाली. ज्या फकिराच्या मशिदीत आपले आजोबा-पणजोबा जाऊन बसत, त्याच्याच दारात नातवाचे पाऊल आज जरा घुटमळते.

अशा वेळी दोन्हीकडची माणसे शब्दकोशाला साक्षीला बोलावतात. ‘साई’ संस्कृत निघाला तर बाबा हिंदू, आणि अरबी-फारसी निघाला तर बाबा मुसलमान, असा सरळ हिशेब मांडला जातो. म्हणून एकदा या शब्दाचीच नीट चौकशी करायला हवी. ती केली की हा हिशेबच चुकीचा असल्याचे लक्षात येते.

नाव नव्हे, हाक

सुरुवात शिर्डीपासूनच करू. गोविंद रघुनाथ दाभोलकर म्हणजेच हेमाडपंत यांच्या ‘श्री साईसच्चरिता’त सांगितलेली हकीकत सर्वश्रुत आहे. औरंगाबादकडच्या धूपखेड्याचे चांद पाटील यांच्या घरच्या लग्नाचे वऱ्हाड शिर्डीला आले. सोबत एक तरुण फकीर होता. खंडोबाच्या देवळाजवळ गाड्या सुटल्या. देवळाचे पुजारी म्हाळसापती, जातीने सोनार. त्यांनी फकिराला गाडीतून उतरताना पाहिले आणि ‘या साई’ म्हणून त्याचे स्वागत केले. तेच नाव पुढे रूढ झाले.

यातली एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. ‘साई’ हे त्या तरुणाचे नाव नव्हते. त्याचे नाव तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते आणि नंतरही त्याने ते सांगितले नाही. म्हाळसापतींनी अनोळखी फकिराला आदराने जी हाक मारायची असते, ती मारली. आपण वाटेवरच्या अनोळखी माणसाला ‘अहो दादा’ म्हणतो किंवा ‘पाव्हणं’ म्हणतो, तसेच हे झाले. हाक ही नेहमी हाक मारणाऱ्याच्या भाषेतली असते. त्यामुळे या शब्दावरून बाबांच्या जन्माचा शोध लागणार नाही. कळेल ते एवढेच, की त्या काळी आपल्या भागात फकिराला काय म्हणत असत.

पहिली वाट : भूमीची भुई, स्वामीचा साईं

हा शब्द उर्दूत आहे, हिंदीत आहे, पंजाबी आणि सिंधीतही आहे. तिथे तो ‘साईं’ असा, शेवटी अनुस्वार देऊन लिहितात. सिंधमध्ये आजही कुणाही वडीलधाऱ्या माणसाला ‘साईं’ म्हणतात, आपण ‘साहेब’ किंवा ‘राव’ म्हणतो तसे. पंजाबात लाहोरचे सूफी संत मियाँ मीर यांना लोक ‘साईं मियाँ मीर’ म्हणत. उत्तरेत दारावर येणारा मुसलमान फकीर म्हणजे साईं. एवढे वाचले की कुणालाही वाटेल, हा शब्द नक्कीच फारसी किंवा अरबी असणार.

पण शेवटचा तो अनुस्वार वेगळीच गोष्ट सांगतो. संस्कृतातून प्राकृतात आणि प्राकृतातून आजच्या भाषांत येताना शब्दाच्या मधल्या ‘म’ची अनेकदा झीज झाली. मराठी माणसाला हे उदाहरणांनी चटकन पटेल. ग्रामचे गाव झाले, नामचे नाव झाले, कोमलचे कोवळे झाले, श्यामलचे सावळे झाले. जुन्या पुस्तकांत ‘गांव’ आणि ‘नांव’ असे अनुस्वार देऊन छापत. तो अनुस्वार म्हणजे गेलेल्या ‘म’ची खूण होती. भूमीची तर भुईच झाली. ‘म’ पार विरघळून गेला.

याच नियमाने ‘स्वामी’ या शब्दाचे प्राकृतात ‘सामी’ झाले आणि पुढे उत्तरेत ‘साईं’ झाले. आपल्याकडे त्याच घराण्यातला शब्द ‘गोसावी’. मूळ शब्द गोस्वामी. मराठीने ‘व’ राखला म्हणून गोसावी, हिंदीने तोही सोडला म्हणून गोसाईं. तुलसीदासांना उत्तरेत गोसाईं तुलसीदास म्हणतात. ‘साईं’चे मूळ हेच, असे उर्दू आणि हिंदीचे कोश मानतात, आणि ध्वनीच्या नियमांतही ते चपखल बसते.

म्हणजे मुसलमान फकिराला मुसलमानही ज्या शब्दाने हाक मारत आले, तो शब्द संस्कृत ‘स्वामी’चाच नातू निघाला. ज्या धर्माचार्यांनी आक्षेप घेतला त्यांच्या नावाआधी जो शब्द होता, तोच शब्द, उंबरठ्यांवर झिजून, त्या फकिराच्या नावातही होता.

दुसरी वाट : जो रोजा ठेवतो तो

दुसरी व्युत्पत्तीही बरीच प्रचलित आहे. बाबांवरच्या अनेक पुस्तकांत ‘साई’ हा शब्द ‘साइह’ या अरबी शब्दाशी जोडलेला दिसतो. तो फारसीतही गेला. ‘साइह’ म्हणजे फिरस्ता, भटकणारा फकीर. शेवटचा हलका ‘ह’ बोलताना सहज गळून पडतो आणि उरतो ‘साइ’. या शब्दाच्या मुळाशी जमिनीवरून वाहत जाणाऱ्या पाण्याचा अर्थ आहे. पाणी जसे एका जागी थांबत नाही, तसा जो थांबत नाही तो साइह. उर्दूत प्रवाशाला ‘सय्याह’ आणि पर्यटनाला ‘सियाहत’ म्हणतात, ते याच मुळातून. आजच्या अरबीत तर विमानातून उतरणाऱ्या पर्यटकालाही साइहच म्हणतात.

रमजानच्या दृष्टीने या शब्दाची खरी गंमत पुढे आहे. कुरआनच्या ‘तौबा’ या सूरहमधील ११२ व्या आयतीत श्रद्धावंतांची लक्षणे सांगितली आहेत. ते पश्चात्ताप करणारे, उपासना करणारे, स्तुती करणारे असतात, आणि ते ‘साइहून’ असतात. हे साइहचेच अनेकवचन. शब्दशः अर्थ घेतला तर फिरणारे. पण इब्न अब्बास आणि इब्न मसूद या पैगंबरांच्या सहवासातील ज्येष्ठ जाणकारांच्या नावे जे स्पष्टीकरण चालत आले आहे, त्यानुसार इथे साइहून म्हणजे रोजा ठेवणारे. ‘तहरीम’ या सूरहमध्ये स्त्रियांसाठी हाच शब्द आला आहे आणि तिथेही अनेक भाष्यकारांनी अर्थ दिला आहे तो रोजा ठेवणाऱ्या स्त्रिया.

उर्दू भाषांतरांतही हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. अहमद रझा खान यांच्या ‘कन्झुल ईमान’मध्ये तौबा सूरहमधील या शब्दाला रोजेवाले असा अर्थ आहे. मौलाना मौदुदींनी ईश्वरासाठी जमिनीवर फिरणारे असा अर्थ घेतला. दोघेही विद्वान, दोघांचे वाचक लाखांत, आणि शब्द एकच.

भटकणाऱ्याचा अर्थ उपवास करणारा कसा झाला? जुन्या जाणकारांनी याचा उलगडा सुंदर केला आहे. पूर्वीचा फिरस्ता साधक शिदोरी बांधून निघत नसे. वाटेत मिळाले तर खायचे, न मिळाले तर तसेच चालायचे. रोजेदाराचेही तसेच असते. सूर्य मावळेपर्यंत तो अन्नापासून दूर राहतो. फरक इतकाच की फिरस्त्याजवळ अन्न नसते. रोजेदाराच्या घरात ते असते, समोर असते, तरी तो हात लावत नाही. घरात बसून केलेली ती भटकंतीच म्हणायची. सहरीपासून इफ्तारपर्यंतचा एक लांबचा, बिनशिदोरीचा प्रवास.

सारखे दिसणारे, पण पाहुणे वेगळे

आता सावधगिरीची एक गोष्ट. कानाला सारखा वाटणारा प्रत्येक शब्द नात्यातला नसतो. रमजानमध्ये उमऱ्याला जाणाऱ्यांच्या तोंडी ‘सई’ हा शब्द असतो. मक्केत सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात फेऱ्या घालायच्या, त्या विधीचे हे नाव. तान्ह्या इस्माईलच्या पाण्यासाठी हजरत हाजरा या माऊलीने केलेल्या धावपळीची ही आठवण. अरबीत सई म्हणजे धावणे, खटपट, प्रयत्न. उर्दूतही ‘सई’ म्हणजे प्रयत्न. पण या शब्दाची अक्षरे वेगळी, मूळ वेगळे. ‘साइह’शी त्याचे नाते नाही.

मराठीतली ‘सई’ म्हणजे सखी. सखीचे प्राकृतात ‘सही’ झाले आणि मराठीत सई. शिवाजी महाराजांच्या पत्नी आणि संभाजीराजांच्या मातोश्री सईबाई यांच्या नावात हा शब्द आहे. दुधावर धरते ती साय, आणि तिचे दही लावले की ‘साईचे दही’. नगर जिल्ह्यातल्या दूधवाल्या घरांत हा शब्द रोजचा, पण त्याचाही शिर्डीच्या साईशी संबंध नाही.

उलट काही शब्द दिसायला परके वाटतात आणि निघतात सख्ख्या बहिणी. फारसीत सावलीला ‘साया’ म्हणतात, संस्कृतात ‘छाया’. या दोन्हींचे मूळ एकच. इराणी आणि भारतीय भाषा फार पूर्वी एकाच घरातून निघाल्या, त्याची ही खूण आहे. नुसत्या तोंडवळ्यावरून शब्दांचे कूळ ठरत नाही. माणसांच्या बाबतीतही ही गोष्ट लक्षात ठेवलेली बरी.

मग म्हाळसापतींनी कोणता साई म्हटला?

भाषेच्या नियमांनी पाहिले तर पहिली वाट जास्त भक्कम आहे. फकिराला ‘साईं’ म्हणण्याची रीत देशभर होती आणि मराठी बोलणाऱ्या, खंडोबाची पूजा करणाऱ्या एका सोनाराच्या तोंडी ती हाक येणे अगदी स्वाभाविक होते. पण ऐकणाऱ्यांचेही कान असतात. अरबी-फारसी शिकलेल्या एखाद्या मौलवीने तोच शब्द ऐकला, तर त्याला त्यात साइह ऐकू आला असेल. फिरत फिरत आलेल्या, भिक्षेवर राहणाऱ्या माणसाला तो अर्थ शोभतही होता. एकाने स्वामी म्हटले, दुसऱ्याने फिरस्ता ऐकले, आणि दोघांचेही चुकले नाही.

आणि नावातला दुसरा शब्द ‘बाबा’? तो तर कुणाच्याच मालकीचा नाही. मराठी मूल बापाला बाबा म्हणते, तुर्की मूलही म्हणते. फारसीतही बाबा म्हणजे बाप. पंजाबात शेख फरीद यांना बाबा फरीद म्हणतात आणि गुरू नानकांना बाबा नानक. जगभरच्या लेकरांच्या तोंडून पहिल्यांदा निघणाऱ्या बोबड्या बोलांतलाच हा एक. त्याला धर्म चिकटवायचा कसा?

ज्याच्याजवळ काही नाही, तो मालक

या सगळ्या खटाटोपातून हाती लागलेली मोलाची गोष्ट वेगळीच आहे. ‘स्वामी’ या शब्दाचा पहिला अर्थ साधू नव्हे. स्वामी म्हणजे मालक, धनी. ज्याच्या अंगावर फाटकी कफनी, हातात पत्र्याचे टमरेल, त्याला आपल्या लोकांनी धनी म्हटले. हे केवळ एका भाषेत झालेले नाही. ‘शाह’ म्हणजे फारसीत राजा. हा शब्द संस्कृत ‘क्षत्र’च्या कुळातला. पण आपल्याकडे फकिरांच्या नावांना शाह लागले. नगरजवळच्या दर्ग्यातील शाह शरीफ हे त्याचे जवळचे उदाहरण. मालोजीराजे भोसले यांनी याच पीरावरील श्रद्धेपोटी आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, हे इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे. एका फकिराच्या नावातला ‘राजा’ मराठ्यांच्या राजघराण्याच्या नावात आला, तो असा.

ज्याच्याजवळ काही नाही, त्याला हिंदूंनी स्वामी म्हटले आणि मुसलमानांनी शाह. शब्द वेगळे, पण भावना एकच : ज्याला काही नको, तोच खरा श्रीमंत.

आणि ज्यांना लोकांनी साई म्हणजे धनी म्हटले, त्यांनी स्वतः काय म्हटले? त्यांच्या तोंडी सतत असलेले बोल सगळ्या शिर्डीला पाठ होते : ‘अल्ला मालिक’. ‘मालिक’ हा अरबी शब्द. आपला रोजच्या वापरातला ‘मालक’ तोच. लोक म्हणत, तुम्ही आमचे धनी. आणि धनी म्हणे, धनी मी नव्हे, तो वर आहे. संस्कृतातून आलेल्या हाकेला अरबीतून दिलेले हे उत्तर होते. त्या उत्तराने कुणाचा पाणउतारा झाला नाही आणि कुणाला भाषांतराचीही गरज पडली नाही.

शिर्डीत हे शब्द नुसते बोलले गेले नाहीत, तर वापरात उतरले. तिथल्या मशिदीला ‘द्वारकामाई’ म्हणू लागले. १८९७ मध्ये गोपाळराव गुंड यांच्या पुढाकाराने उरूस सुरू झाला, तो रामनवमीच्या दिवशी. कोऱ्हाळ्याचे अमीर शक्कर यांनी त्यात संदलची मिरवणूक सुरू केली. निशाणांच्या मिरवणुकीत एक निशाण नगरच्या दामूअण्णा कासार यांचे असे. १९१२ पासून रामजन्माचा उत्सवही त्याच दिवशी होऊ लागला. नांदेडहून आलेले अब्दुल बाबांच्या सेवेत राहिले. बाबांचे बोल ते आपल्या वहीत उर्दूत टिपून ठेवत. दाभोलकरांची मराठी पोथी घरोघर पोहोचली, पण अब्दुल यांची वही फार थोड्यांना माहीत आहे. अब्दुलबाबांची कबर शिर्डीतच आहे.

मतभेद तेव्हाही होते. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, बाबांचे निधन झाले, तेव्हा दफन मोकळ्या जागेत करायचे की बुटीवाड्यात, यावर गावात दोन पक्ष पडले. पण त्यातून गाव दुभंगले नाही. लोकांचा कौल घेतला गेला आणि वाड्याचा निर्णय झाला. उरुसाची संदल पुढेही निघतच राहिली.

रमजानचा महिना माणसाला मालकीचाच धडा देतो. घरात धान्य आपले, माठातले पाणी आपले, तरी दिवसभर हात लावायचा नाही. आपले म्हणवतो ते आपले नाही, हे पोटाला कळावे म्हणून रोजा. जकात आणि फित्राही त्यासाठीच. रोजेदाराने अन्नावरचा हक्क दिवसभर सोडायचा, तर शब्दांवरचा हक्क सोडणे त्याहून अवघड नसावे. ‘साई’ तुमचा की आमचा, या प्रश्नाला शब्दकोश एवढेच उत्तर देतो : दोघांच्याही घरी तो राहिला आहे, पण सातबारा कुणाच्याच नावावर नाही.

जाता जाता म्हाळसापतींच्या हाकेतल्या पहिल्या शब्दाकडेही पाहावे. तो आहे ‘या’. अरबी-उर्दूत ‘या’ म्हणजे हाक, संबोधन. ‘या अल्ला’मधला ‘या’ तोच. मराठीत ‘या’ म्हणजे आदराने दिलेले आमंत्रण : आत या, बसा. खंडोबाच्या देवळासमोर एका पुजाऱ्याने अनोळखी फकिराला म्हटलेला ‘या’ मराठीतला होता. इफ्तारच्या वेळी दारात आलेल्या पाहुण्याला नगरच्या मोहल्ल्यांतही याच शब्दाने आत घेतात.